चाकोलीची चौकशी

परदेशी गेलेला मुलगा वाया जात नाही, तो फक्त उंचावरून ओतायला लागतो. हे सत्य स्नेहलताबाईंना टोकियोतल्या निशी-कसाईत, सातव्या मजल्यावर, ओल्या पायांनी कळलं. त्यांचा शशांक डोक्याच्या वर हिरवी बाटली आणि कमरेखाली ग्लास धरून वाइन ओतत होता. थोडी ग्लासात पडत होती, बाकीची आईच्या पायांवर. (इतक्या श्रद्धेनं त्यानं आईचे पाय आधी कधी धुतले नव्हते.)

"चाकोली आहे, आई. स्पेनमधल्या बास्क लोकांची. ऑफिसातल्या इतो-साननी दिली. अशीच ओततात."

प्रसंग गंभीर होता. परवाच्याच हळदीकुंकवाला बाईंनी इथल्या समस्त मराठी महिलावर्गासमोर जाहीर केलं होतं, की माझ्या लेकाच्या घरात दारूचा थेंब आला तर पुढच्या विमानानं तासगाव! इकडे सून कौमुदीचे दिवस भरत आलेले. शब्द पाळावा तर पहिलं नातवंड फोनवर बघायचं. मोडावा तर शेजारच्या रेखाला तोंड कसं दाखवायचं?

तेव्हा बाईंनी जागच्या जागी चौकशी समिती नेमली. अध्यक्षा त्याच, सदस्यही त्याच. शिक्षण चौथी. (पुढचं मास्तरांना झेपलं नाही.)

शशांकची साक्ष झाली. ही द्राक्षं समुद्राकाठच्या उतारावर मांडवावर चढवतात. मांडव तासगावातही असतो. सबब, माल घरचाच. आंबट असतानाच तोडतात. (असा माल बघून आमच्याकडचा व्यापारी चहासुद्धा न घेता उठतो.) मग थंड टाक्यांत आंबवतात, बुडबुडे आत कोंडतात आणि ताजी असतानाच पितात. इडलीचं पीठही आंबतं, म्हणून कोणी विमानाचं तिकीट काढत नाही.

उरली प्रत्यक्ष पाहणी. बास्कांचा नियम असा, की दोनच बोटं ओतायची आणि बुडबुडे विरायच्या आत संपवायची. समितीनं दोन बोटं घेतली. कैरी चावल्यासारखा चेहरा झाला. एकाच नमुन्यावर निकाल देणं अन्यायाचं, म्हणून आणखी दोन. सोबत काडीला टोचलेलं ऑलिव्ह आणि आंबवलेली मिरची. मिरची आली म्हणजे ते जेवण, आणि जेवणात घेतलेलं पिण्यात धरत नाहीत. (हा नियम बाईंचा, त्याच संध्याकाळचा.)

"आई, मग तिकीट बघू का?" कौमुदीनं पोटावर हात ठेवून साळसूदपणे विचारलं.

"गप गं. ताक कधी कुणाला चढलंय?" असं म्हणत बाईंनी भिंत धरली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात रेखा, डबा परत द्यायला आलेली. "काकू, कसला हो वास?"

"आंबवण आहे. ये, तूही बघ."

रेखानं बघितलं. दोन बोटं बघितली, मग आणखी दोन, आणि समिती एकमतानं द्विसदस्यीय झाली. (हसणाऱ्यांनी आपल्या घरातली अशी समिती आठवावी. तिचा अहवालही आपल्याला हवा तसाच आला होता.)

मग बाई ताठ उभ्या राहिल्या, म्हणजे जमेल तेवढ्या, आणि लेकाला निकाल ऐकवला:

"शशांक, ही दारू नव्हे. मी कुठे जात नाही. आणि मेल्या, पुन्हा वरून ओतून सांडशील तर याद राख, बारशापर्यंत पुरवायचीय ती!"