नलूच्या डोळ्यांचं पाणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाणी पहिल्यापेक्षाही आटलं होतं. त्या दिवसांत मी तिथं शाळेत मास्तर होतो आणि माझे शेजारी सोपानराव घागरीला कुलूप लावत. उकळून गार केलेलं पाणी, वर झाकण, झाकणाला साखळी. पाहुण्याला तहान लागली तरी ते हात जोडत, "प्यायचं न्हाई हे, डोळ्याचं हाय." गल्ली हसायची.

सोपानराव नव्या कचेरीत कारकून. नलूला जन्म देऊन बायको गेली. पोरीच्या बुबुळांचा आकार जन्मापासूनच वेडावाकडा, चष्म्यानं भागेना. नऊ वर्षांची झाल्यावर हैदराबादच्या डॉक्टरांनी कडक काँटॅक्ट लेन्स दिल्या. त्या घालण्याआधी हात धुवायला हे पाणी.

पहिल्यांदाच नलूला लिंबाचं पान न् पान दिसलं. सोपानराव तिला गावभर फिरवून दुकानांच्या पाट्या वाचायला लावत. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत, "बघा, लई लांबून वाचायलीय."

पण दुष्काळातली धूळ. कण लेन्सखाली गेला की पोरगी रस्त्यातच डोळा धरून बसायची. शेवटी डॉक्टरांच्या मागे लागून सोपानरावांनी तसलीच एक लेन्स स्वतःच्या डोळ्यात घालून घेतली. घळाघळा पाणी आलं. तिथल्या तिथं त्यांनी नलूसाठी मऊ लेन्स मागितल्या.

मऊ लेन्स टोचत नव्हत्या, पण वाकड्या बुबुळावर त्याही तशाच वाकायच्या. नलू पोरींत खेळू लागली. पाट्या मात्र वाचेना. सोपानरावांनी खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "टोचत न्हाई बाबा. पर आईचा फोटो पुसल्यावाणी दिसतो."

तुम्ही म्हणाल तर पुन्हा कडक घालते, असंही म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. लग्नातला तो एकुलता एक, बोटाएवढा फोटो घेऊन ते स्टुडिओत गेले. एवढा मोठा केला तर चेहरा फुटून ठिपके होतील, असं फोटोग्राफरनं बजावलं. तरी त्यांनी दाराएवढा करून घेतला.

भिंतीवर टांगायला मी गेलो होतो. मला नुसते काळेपांढरे ठिपके दिसले. नलू उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिच्या अधू नजरेत ते ठिपके एकमेकांत मिसळले असावेत.

"आई हसायलीय," ती म्हणाली आणि मैत्रिणींना बोलवायला पळाली.

सोपानराव पुढं झाले, मागं सरले, डोळे बारीक करून पाहिलं. त्यांची नजर शाबूत होती. मग हळूच म्हणाले, "मास्तर, मला तर ती दिसंना. पर पोरीला सांगू नका."