नानांचं कलम अकरा

नाना सबनीस माणसाच्या डाव्या बाजूनेच येत. तुम्ही जिन्यात कठड्याला डावा खांदा टेकून उभे असलात, तर ते दोन पायऱ्या वर चढत, तुम्हांला वळसा घालत, आणि तुम्ही कठड्यापासून जरा सरकेपर्यंत तिथेच थांबत. मग आधी "मी आलोय हो" म्हणत आणि त्यानंतरच खांद्यावर हात ठेवत. बालीगंजच्या आमच्या इमारतीत मासळीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे याला सरावले होते. नवा माणूस मात्र गोंधळून स्वतःच वळायला लागे, आणि मग दोघे बराच वेळ एकमेकांभोवती फिरत राहत.

याला कारण घोडा. घोड्याजवळ डावीकडून जावं, मागून कधी जाऊ नये, हात लावण्याआधी आवाज द्यावा, हे त्यांच्या नियमावलीतलं कलम तीन.

"पण नाना, हा नियम माणसांना कशाला?" मी एकदा विचारलं.

"माणूस काय कमी दचकतो, मास्तर?"

मास्तर म्हणजे मी. शाळेत इतिहास शिकवत असे. मी खालच्या मजल्यावर, नाना वरच्या. त्यांचे वडील कारकून म्हणून कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. नाना इथेच जन्मले, चहाच्या एका कंपनीत नोकरी करून निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं. घोडा त्यांच्याकडे कधीच नव्हता, आणि त्यांना घोड्यावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्याबद्दल छेडलं की म्हणत, "बसण्यात काय आहे? पोतंही बसतं."

शहराच्या दक्षिण टोकाला घोडेस्वारी शिकवणारी एक छोटी शाळा आहे. दर जानेवारीत तिच्या मैदानावर जत्रा भरते. तांदळाच्या पिठाची पक्वान्नं म्हणजे पिठे, खजुराच्या नलेन गुळाची संदेश मिठाई, हातमागाच्या साड्या, फुगे, आणि मधोमध दोरी लावून आखलेलं रिंगण. त्यात आठ ते पंधरा वर्षांची मुलं घोडी आणि तट्टं दाखवतात. दाखवायचं म्हणजे शर्यत नव्हे. तट्टाला स्वतःच्या हाताने खरारा करायचा, लगाम धरून त्याला रिंगणात चालवायचं, थोडं दुडक्या चालीने पळवायचं, परीक्षकासमोर स्थिर उभं करायचं आणि खूर उचलून दाखवायचे. या सगळ्याचे नियम नानांनी केलेले, आणि रिंगणाचे कारभारीही तेच. गळ्यात शिट्टी, काखेत वही, डोक्यावर एक खाकी टोपी. ती टोपी वर्षातून एकदाच कपाटाबाहेर येई.

नियम ते मराठीत लिहीत. "इंग्रजीत लिहिलं की त्याची विनंती होते, आणि बंगालीत लिहिलं की कविता. नियम मराठीतच होतो." इंग्रजी आणि बंगाली करायचं काम माझ्याकडे होतं.

ते माझ्याकडे आलं तो दिवस मला नीट आठवतो. माझी पत्नी गेली त्यानंतरच्या आठवड्यात नाना खाली आले. खोलीत लोक बसले होते, माझ्या डाव्या हाताला जागा नव्हती. नानांनी टीपॉय उचलला, बाल्कनीत नेऊन ठेवला, आणि तिथे येऊन उभे राहिले. "मी आलोय हो." मग हात ठेवला. इतर सगळे काही ना काही बोलत होते. निघताना एकतीस कलमांची वही माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "शुद्धलेखन तपासा. घाई नाही. पण रोज थोडं."

मला राग आला होता. वहीत फारशा चुका नाहीत, हे मला चार दिवसांनी कळलं. तोवर मी रोज सकाळी उठून टेबलाशी बसू लागलो होतो.

त्या वहीतली काही कलमं मला पाठ आहेत. कलम पाच: कुणी नाव विचारल्यास आधी तट्टाचं सांगावं, मग स्वतःचं. कलम नऊ: हरल्यास तट्टाला सांगू नये. आपण फिरायला आलो होतो असं त्याला वाटतं, ते तसंच राहू द्यावं. कलम सतरा: आईवडिलांनी दोरीबाहेरून सूचना देऊ नयेत. मूल त्या ऐकत नाही, घोडा ऐकतो.

आणि कलम अकरा. प्रत्येक स्पर्धकाचं एक माणूस पूर्ण वेळ दोरीपाशी उभं असलं पाहिजे. बसायचं नाही. आत येण्याआधी स्पर्धकाने त्या माणसाकडे बोट दाखवावं. बोट दाखवता न आल्यास प्रवेश नाही.

दर वर्षी सगळी भांडणं या कलमावरून होत. मुलं फाटकाशी उतरवून आईवडील संदेशांच्या स्टॉलकडे जात, आणि नाना रिंगणाच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येक मुलाला विचारत, "तुझं माणूस कुठंय? बोट दाखव." मूल इकडेतिकडे बघे. मग लाउडस्पीकरवरून नानांचा आवाज: "पाच नंबरच्या माणसाने खाणं थांबवून दोरीपाशी यावं."

एकदा एका गृहस्थांनी ड्रायव्हर पाठवून दिला. नानांनी तो परत पाठवला. गृहस्थ स्वतः आले. "शबनिशबाबू, अहो चौदा वर्षं आमच्याकडे आहे तो! घरचाच आहे."

"ते तुम्ही म्हणता." नाना मुलाकडे वळले. "काय रे, तुझं माणूस कुठंय?"

मुलाने क्षणभरही न थांबता ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

"मग चालेल," नाना त्या गृहस्थांना म्हणाले. "हा राहील. तुम्ही संदेश खा."

अशाने मुलांच्या आया त्यांना मागून 'बर्गी' म्हणत. मराठ्यांचे घोडेस्वार बंगालवर चालून आले त्याला शतकं लोटली, पण ते नाव इथे अजून पोरांना भिववायला वापरतात. नानांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले. "त्या घोड्यांच्या भीतीने या लोकांनी बागबाजारपासून खंदक खणला, मास्तर. माझ्यासाठी नुसती दोरी लावली तरी पुरते."

जत्रेच्या चिटणीस चटर्जीबाई दर वर्षी कलम अकरा गाळायचा ठराव मांडत, आणि नाना दर वर्षी तेच उत्तर देत. "रिंगणात मूल कुणाला शोधायला लागलं की त्याचा हात ढिला पडतो. हात ढिला पडला की तट्टू फाटकाकडे वळतं. नेहमी फाटकाकडेच."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" चटर्जीबाई विचारत.

"पुस्तकात नाही," एवढंच म्हणून नाना वही मिटत.

गेल्या जानेवारीत ईरा होती. अकरा वर्षांची, न्यू टाउनला राहणारी. आईची आयटीतली नोकरी, वडील कामासाठी पुण्याला. वर्षभर ती दर रविवारी या शाळेत येत होती. तिचं तट्टू पांढुरकं, अंगभर बारीक ठिपके. खसखस शिंपडल्यासारखं दिसे म्हणून त्याचं नाव पोस्तो, म्हणजे बंगालीत खसखसच. मुलांची तयारी बघायला नानाही दर रविवारी जात, आणि ईराचं खूर साफ करणं त्यांना कधीच पसंत पडत नसे. ती त्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणे.

"अगं, खूर आहे तो. करपलेलं पातेलं घासल्यासारखं काय घासतेस?"

"दादू, तर तुम्ही करून दाखवा ना."

"मी नियम करतो. खूर तू कर."

असं वर्षभर चाललं. जत्रेच्या सकाळी आईने तिला फाटकाशी सोडलं आणि तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला. तासाभरात येते, असं सांगून ती परत गेली. ईराचा नंबर चौथा होता.

"तुझं माणूस कुठंय? बोट दाखव."

ईराने बोट दाखवलं.

"ते फाटक आहे."

"आई येऊन जाईल, दादू. ती बोलली आहे."

"आली की दाखव." नानांनी तिचा नंबर शेवटी नेला. क्रम एकदा बदलायची मुभा कलम बारामध्ये आहे. दुसऱ्यांदा नाही.

पाच मुलं आत जाऊन बाहेर आली. आई बायपासवर अडकल्याचा फोन आला. परीक्षक घड्याळ बघू लागले. चटर्जीबाई पदर खोचून आल्या. "नाना, आता सोडा. वर्षभर राबलीय पोरगी. किती हट्ट करायचा माणसाने?"

"हट्ट नाही. ती आत गेली की फाटकाकडे बघत राहणार. मग तट्टू तिकडे ओढणार, आणि ही सगळ्यांसमोर त्याच्यामागे फरपटत जाणार. ते ती जन्मभर विसरणार नाही."

मी पुढे झालो. "मी उभा राहतो तिच्यासाठी."

"तुम्हांला ती ओळखते? खोटं बोट मला चालत नाही, मास्तर."

ईरा रडत नव्हती. तिने फडक्याने पोस्तोच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या, फडकं खिशात ठेवलं, आणि सगळ्या दोरीवरून एकदा नजर फिरवली. मग हात वर केला. तिचं बोट सरळ नानांच्या छातीकडे होतं.

"हे माझं माणूस."

"मी कारभारी आहे," नाना म्हणाले.

"मला माहीत आहे. पण तुम्हीच आहात."

नानांनी वही उघडली. उत्तर तिथे असावं तशी दोन पानं उलटली. कारभाऱ्याने रिंगण सोडू नये, असं कलम दोनमध्ये त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी वही मिटली. गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली, मग टोपीही दिली. गुडघे धरून कसेबसे दोरीखालून वाकून बाहेर गेले आणि दोरीच्या तिसऱ्या खुंटीपाशी जाऊन उभे राहिले. इतके ताठ, की परीक्षक आता त्यांचेच खूर तपासणार आहेत असं वाटावं.

मी शिट्टी वाजवली. ती फारच हळू वाजली. पोस्तो चालू लागला. दुसऱ्या फेरीत फाटकाजवळ आल्यावर त्याने मान तिकडे वळवली. ईराने तिसऱ्या खुंटीकडे पाहिलं, लगाम हातात घट्ट राहिला, आणि पोस्तो मुकाट्याने वळला. नाना जागचे हलले नाहीत.

नऊ जणांत तिचा सहावा नंबर आला. कलम नऊप्रमाणे तिने पोस्तोला काही सांगितलं नाही. आई धावत आली, खांद्याला लॅपटॉपची बॅग तशीच. "झालं? सॉरी गं, सॉरी... काका, तुमचे कसे आभार मानू?"

"पुढच्या वर्षी वेळेवर या," नाना म्हणाले. "माझं काम खोळंबतं."

परतताना टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. टोपी मांडीवर होती. गडियाहाट आलं. मग म्हणाले, "मास्तर, तिने बोट दाखवलं ते माझ्याकडेच ना?"

"तुमच्याकडेच."

"माझ्यामागे कुणी उभं नव्हतं?"

"कुणी नव्हतं, नाना."

"मी वळून पाहिलं नाही. म्हटलं, असलंच कुणी तर..." टोपीच्या आतली पट्टी ते बोटाने सरळ करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन खाली आले. कलम अकराखाली पेन्सिलीने दोन ओळी घातल्या होत्या. 'ज्याचं माणूस आलेलं नसेल, त्याने कुणाकडेही बोट दाखवावं. ज्याच्याकडे दाखवलं, त्याने हातातलं काम ठेवून जावं.'

"इंग्रजीत नीट आणा," म्हणाले. "विनंती होऊ देऊ नका."

नाना जाऊन आता काही महिने झाले. जत्रा जवळ आली आहे, चटर्जीबाईंचे दोन निरोप येऊन गेले; ठराव त्यांनी मागे घेतला आहे. तीस कलमं मी स्वच्छ लिहून ठेवली. त्या दोन ओळी इंग्रजीत अजून बसत नाहीत. रोज थोडं करतो.

दुर्गापूजेच्या आधी एका दुपारी त्यांना जिन्यात धाप लागली होती. इमारतीतल्या लोकांनी त्यांना रुग्णालयात हलवलं. मी त्यांचा चष्मा आणि कपडे पिशवीत भरून मागाहून पोचलो, तेव्हा भरतीच्या खिडकीशी सात-आठ जण ट्रॉलीभोवती उभे होते. वॉचमन, मासळीवाला, समोरच्या बंगाली वहिनी. मी सगळ्यांच्या मागे, भिंतीशी थांबलो. खिडकीवरची मुलगी फॉर्म भरत होती. "पेशंट पार्टी कोण?" तिने विचारलं. इथल्या रुग्णालयांत रोग्याबरोबरच्या माणसांना असंच म्हणतात. सगळे एकमेकांकडे बघू लागले. भाऊ? मुलगा? कुणीच नाही? मग ती उठून बाहेर आली आणि ट्रॉलीवर वाकली. उजव्या बाजूने. "दादू, तुमचं माणूस कोण?"

नानांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी चादरीतून हात काढला. तो उचलायला त्यांना वेळ लागला. बोट वॉचमनवरून, मासळीवाल्यावरून, वहिनींवरून सावकाश पुढे सरकलं आणि थांबलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मी पिशवी खाली ठेवली. ट्रॉलीच्या डाव्या बाजूला ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. ते जरा सरकवलं आणि तिथे जाऊन उभा राहिलो. आधी आवाज दिला. मग हात ठेवला.