पाण्यातलं पातेलं

पाच वर्षांपूर्वी, समुद्र तापला होता त्या साली, म्हाताऱ्या तादीच्या हातून किसलेल्या कसाव्याची कासोआमी वाफवायचं मोठं पातेलं पाण्यावरच्या घराच्या पायऱ्यांवरून खाली पडलं. तेव्हापासून त्याची बायको हदीना त्याला रोज एकच काम सांगत होती: ते वर काढ. "उद्या काढतो," असं तो रोज म्हणे. पातेलं पायरीवरून दिसत होतं आणि तादी जन्माचा पाणबुड्या होता, पण त्याचा उद्या काही उजाडला नाही.

अशात सरकारी कचेरीने पाहुण्यांच्या बोटींसाठी धक्का बांधायचं ठरवलं आणि दगड टाकायला जागा निवडली ती नेमकी हदीनाच्या पायऱ्यांखालची. "तिथलं प्रवाळ मेलेलंच आहे," गावप्रमुख म्हणाला. ते खोटंही नव्हतं. समुद्र तापला त्या साली प्रवाळ पांढरं पडलं आणि पुढे त्याचा ढिगारा झाला. पण त्याच ढिगाऱ्यात हदीनाची आणि तिच्या सहा पोरांची जन्मतानाची वार सोडलेली होती. समुद्रावर राहणाऱ्या बाजो माणसाची वार म्हणजे त्याचं पाण्यात राहणारं भावंड.

"माझ्या भावाच्या डोक्यावर दगड टाकणारा अजून जन्माला यायचाय," हदीनाने गावप्रमुखाला तोंडावर सुनावलं. तो बिचारा त्याच खाडीत वाढलेला. त्याने मधला मार्ग काढला. शहरातून प्रवाळाच्या तज्ज्ञ इबू विदारती, म्हणजे विदारतीबाई, येतील, तळावर मोजणीची चौकट ठेवतील, आणि चौकटीत अर्ध्याहून जास्त जिवंत निघालं तर धक्का दुसरीकडे सरकेल. शनिवार ठरला.

त्या दिवसापासून हदीनाची जेवणावरची वासना उडाली. तादीला ते बघवेना. मंगळवारी तो कुणाला न सांगता बाहेरच्या कड्यावर गेला, होडीभर प्रवाळाच्या फांद्या आणि खडकाला चिकटून जगणारे नारिंगी स्पंज तोडून आणले आणि मासे धरायच्या दोरीने ढिगाऱ्याला बांधून टाकले.

बाहेरचं पाणी गार आणि नितळ, इथलं कोमट आणि गढूळ. गुरुवारपर्यंत फांद्या पांढऱ्याफटक पडल्या, स्पंज कुजले आणि आख्ख्या आळीत वास सुटला.

"हदीना, काय शिजवतेस गं?" शेजारची जौदा नाक धरून खिडकीतून ओरडली.

"तुझ्या दारचं असेल ते," हदीना म्हणाली आणि खाली वाकून बघते तर काय. "म्हाताऱ्या, हे काय केलंस?"

"बाग लावली."

"गाठी मारून?"

"वाहून जाऊ नये म्हणून."

"इबूंना काय सांगणार? प्रवाळ आजकाल स्वतःच गाठी मारतं? काढ ते सगळं."

"उद्या काढतो," तादी म्हणाला.

शुक्रवारी तो खरोखर पाण्यात उतरला, पण भरतीची वेळ चांगली म्हणून इबूही एक दिवस आधीच येऊन थडकल्या. त्या पाणबुड्यांचा चष्मा लावून खाली गेल्या. तिथे तादी स्वतःच्याच दोरीत अडकून खाली डोकं वर पाय झाला होता आणि त्याची लुंगी एका फांदीवर फडकत होती. इबूंनी सुरीने दोरी कापली आणि त्याला वर आणलं.

"म्बो, ही फसवणूक आहे," बाजो आजी-आजोबांना मारतात ती हाक मारून त्या धापा टाकत म्हणाल्या. "मला पाहणी रद्द करावी लागेल. मग दगड पडतील."

तादीने मान खाली घातली. हदीना मात्र पुढे सरसावली. "ह्याने जे केलं ते मेलंय, ते नका मोजू. ह्याने जिथे काहीच केलं नाही तिथे चौकट टाका. तशी जागा भरपूर आहे."

इबूंना हसू आवरेना. त्या पुन्हा खाली गेल्या आणि बऱ्याच वेळाने वर आल्या.

"तिथे एक पातेलं आहे. कधीपासून?"

"पाच वर्षं. काढ म्हणून माझी जीभ झिजली."

"बरं झालं नाही काढलं. त्यावर राखाडी स्पंज बसलाय आणि तिथूनच सगळीकडे पसरलाय. ह्या गरम, गढूळ पाण्यातही. चौकटीत दहातले आठ भाग तोच आहे."

तादीची मान हळूहळू वर आली.

"पण कागदात रकाने दोनच आहेत," इबू म्हणाल्या. "जिवंत प्रवाळ आणि मेलेलं प्रवाळ. स्पंजाला जागा नाही."

"मग आखा तिसरा."

"असं नाही करता येत, म्बो."

"आमचं घर पाण्यावर म्हणून कचेरीच्या कागदात आम्हालाही किती वर्षं जागा नव्हती," हदीना म्हणाली. "मेलो का आम्ही? समुद्र तापल्यावर जो गेला तो गेला. जो पाय रोवून राहिला, त्याला तुम्ही मेला म्हणता? माझ्यासमोर म्हणून दाखवा."

हदीनाने चुलीजवळची लाकडी पट्टी आणून इबूंच्या हातात ठेवली. तिच्या कडेने इबूंनी तिसरा रकाना आखला, आठ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

महिन्याभराने धक्का पलीकडे सरकला आणि हदीनाच्या पायरीशी पाटी लागली: जिवंत तळ. येथील काहीही हलवू नये.

तादीने ती दोनदा मोठ्याने वाचली. "बघ, आता सरकारचीच मनाई आहे. नाहीतर आज काढणारच होतो."

हदीनाने खाली पाहिलं. पातेल्याच्या पलीकडे अजून बराच ढिगारा स्पंजाविना उघडा पडला होता.

"बाजारातून नवं पातेलं आण," ती म्हणाली. "आणि येताना पायरीवर जरा धडपड."

"पाटी वाचलीस ना?"

"हलवू नये लिहिलंय. पाडू नये असं कुठे लिहिलंय?"