पाव पानाची जाहिरात

फ्रेमवाल्यांनी पाव पानाची जाहिरात देऊन टाकली असती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

दुकानाच्या पायरीवर निवृत्त नर्सबाई उभ्या होत्या, हातात पावतीपुस्तक. दवाखान्यातल्या गरीब पेशंटसाठी चाकांच्या खुर्च्या घ्यायच्या, त्यासाठी गाण्याचा कार्यक्रम, कार्यक्रमाची स्मरणिका आणि स्मरणिकेत जाहिराती. पाव पान, अर्धं पान, पूर्ण पान, मागचं कव्हर आणि सगळ्यांच्या डोक्यावर मुख्य प्रायोजक.

पाव पानाचे पैसे फ्रेमवाल्यांच्या खिशात होते. हात खिशात गेलाही. तेवढ्यात बाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "केवढं मोठं कुटुंब हो तुमचं!"

भिंतभर फोटो लटकत होते. कुणाची जुळी, कुणाचे आजी-आजोबा, कुणाचा पदवीचा झगा.

"माझं कुठलं? गिऱ्हाइकांचे आहेत. फ्रेम करायला टाकले आणि न्यायला विसरले."

"मग तुमच्या घरी कोण कोण?"

"मीच."

हा प्रश्न त्यांना कैक वर्षांत कुणी विचारला नव्हता. खिशातला हात रिकामाच बाहेर आला.

"सिस्टर, पाव पान म्हणजे अगदीच चिंधी दिसेल," ते म्हणाले. "अर्ध्या पानाचा विचार करतो. उद्या सांगितलं तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचं स्टूल काढून पुसलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला. बाई आल्या. मजकुरावर चर्चा सुरू झाली.

"लिहा, 'आमच्याकडे सर्व प्रकारच्या फ्रेम मिळतील.'"

"सर्व म्हणजे किती प्रकारच्या?"

"दोन. लाकडी आणि दुसरी."

"मग दोनच लिहा की. खोटं कशाला?"

"दोन लिहिलं तर उरलेल्या जागेत काय घालू?"

या वादात दोन चहा झाले. मजकूर ठरला, बाईंनी पेनाचं टोपण काढलं, तसा फ्रेमवाल्यांनी पावतीपुस्तकावर हात ठेवला. पावती फाटली की बाई उठणार. "अर्ध्या पानात हे कोंबल्यासारखं होतंय," ते घाईघाईने म्हणाले. "पूर्ण पानाचं बघू या."

पूर्ण पानावर बाईंनी दवाखान्यातले किस्से सांगितले. पुढे मागचं कव्हर आलं. त्याचा रंग ठरवताना फ्रेमवाले आपल्या गेलेल्या बायकोबद्दल बोलले. ती भांडताना गुणगुणायची, हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. कव्हरचा रंगही ठरला. पुन्हा टोपण निघालं. आता वर एकच पायरी उरली होती.

"मुख्य प्रायोजक व्हायला काय लागतं हो?" फ्रेमवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

दुकानाच्या आणि शेजारच्या औषधवाल्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती. तिला कान होते आणि ते औषधवाल्यांचे होते. त्यांनी पूर्ण पान दिलं होतं आणि आपल्यापेक्षा वरचढ कुणी नाही म्हणून छाती काढून फिरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रेमवाल्यांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

मुख्य प्रायोजकाच्या मजकुरावर बाई दोन-तीन आठवडे येत राहिल्या, बातमी गल्लीभर झाली, आणि एक दिवस घरमालक आले. "धंदा तेजीत आहे म्हणे. मग भाड्याचं जरा बघा की."

रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, जमीन विकलीस आणि मला सांगितलंही नाहीस?"

"कुठली जमीन?"

"तेच विचारतेय मी!"

बहिणीने आपणहून फोन केला, याचाच फ्रेमवाल्यांना एवढा आनंद झाला, की जमीन नाही हे पटवून द्यायला त्यांनी मुद्दाम अर्धा तास लावला. ते पटल्यावर तिने लगेच फोन ठेवला. मग मात्र त्यांना घाम फुटला. मुख्य प्रायोजक व्हायचं तर दुकान विकावं लागलं असतं, आणि ते होतं भाड्याचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आल्या तेव्हा चहा तयार नव्हता.

"सिस्टर, माफ करा. मुख्य प्रायोजक, मागचं कव्हर, यातलं काहीच मला झेपणारं नाही. माझी ऐपत पाव पानाची आहे. पहिल्या दिवशीच पैसे खिशात होते."

"मग दिले का नाहीत?"

"दिले असते तर तुम्ही पुन्हा कशाला आला असतात?"

बाईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली. बराच वेळ तिचा चाप उघडमीट करत राहिल्या.

"स्मरणिका छापून झाली," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"झाले बरेच दिवस. कार्यक्रमही झाला रविवारी. गाणी बेताची होती, पण खुर्च्या आल्या. तुमचे औषधवाले धावत आले आणि मुख्य प्रायोजकाचे पैसे रोख ठेवून गेले. चौकात फलक लागलाय त्यांचा. पाहिला नाहीत?"

"मी त्या बाजूला जात नाही. तिकडे माझं कुणी नाही." फ्रेमवाल्यांना आता कुठे उलगडा होऊ लागला. "पण मग काल तुम्ही कव्हरच्या रंगाचं पुन्हा विचारलंत, ते?"

"निळा मला पटला नव्हता," बाई म्हणाल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, "खूप दारं फिरले हो. चांगली माणसं. बेल वाजायच्या आत पैसे तयार ठेवायची. दाता किती चटकन पैसे काढतो, त्यावरून कळतं, आपण किती चटकन गेलेलं त्याला हवंय ते."

फ्रेमवाल्यांनी दुकानाच्या किल्ल्या उचलल्या. ते म्हणाले, "तो फलक दाखवता का?"

त्यांनी दुकान लवकर बंद केलं. दोघं चौकात गेली. विजेच्या खांबाला औषधवाले लटकले होते, हात जोडलेले, खाली ठळक अक्षरांत 'मुख्य प्रायोजक'. फोटो मात्र नेमका डोळे मिटलेल्या क्षणी निघाला होता.

"झोपलेत की काय?" बाई म्हणाल्या.

"नाही हो. पैसे दिल्याचं आता जाणवतंय त्यांना."

बाई खळखळून हसल्या. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून पुढे जात होते. फलकाकडे मान वर करून कुणी बघत नव्हतं. बघण्यासारखं त्यात फारसं नव्हतंही. तरी ती दोघं दिवे लागेपर्यंत तिथेच उभी राहिली. औषधवाल्यांचा शर्ट निळा आहे की हिरवा, यावर त्यांचं अजून एकमत झालं नव्हतं.