मोटारीच्या खोलीचा जलमहाल

इतिहास नेहमी दुसऱ्याच्या जमिनीवर घडलेला असतो. ही तक्रार नाही, नियम आहे. गोदाकाठच्या आमच्या वीस गुंठ्यांत मी चाळीस वर्षं झेंडू लावला, पण खाली इतिहास आहे हे मला कळलं नाही. चौथीत शाळा सुटली की असंच होतं.

ते कळवायला उद्यानवास्तू गौरव समिती आली. सभासद अकरा. त्यांत अध्यक्ष एक, माजी अध्यक्ष सात (उरलेले तिघे पुढे होणार आहेत).

समितीकडे एक जुनं चित्र होतं, शिळाछाप. मला वाटलं, शिळं झालंय म्हणून शिळाछाप. चिटणीस रोहिणी मॅडम गोड बाई. म्हणाल्या, "आजी, शिळा म्हणजे दगड. दगडावर चित्र काढायचं, शाई लावायची, वर कागद दाबायचा."

"म्हणजे शिक्क्यावानी?"

"अगदी तसंच."

चित्रात नदीकाठची बाग, बागेत घुमटाचा जलमहाल. शिवाय हत्ती एक, नारळ सहा, पायरीवर नटून बसलेल्या बायका दोन आणि देवाला फूल वाहणारा भटजी एक. पुलावरून बघितलं तर बाग नदीच्या डाव्या हाताला. आमची जमीनही डाव्या हाताला. पुढचा पुरावा असा: जलमहालाला कोपरे चार, आमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीलाही चार. अकरापैकी नऊ सभासदांनी ते वेगवेगळे मोजले (दोघे चहा पीत होते). खोली आमच्या ह्यांनी एक्क्याण्णव साली फुटक्या विटांत बांधली, हे मी सांगून पाहिलं. तेही वाया गेलं नाही. अहवालात आलं: 'जीर्णोद्धार, सन १९९१. घुमटाच्या जागी पत्रा.'

मग सागवानी पाटी लागली. 'ऐतिहासिक उद्यान. खणू नये, लावू नये, मोटार चालू करू नये.' खाली गोल शिक्का. शिक्का गोल असला की आमच्याकडे कोणी पुढचं विचारत नाही. अंतिम निर्णय दिवाळीनंतरच्या बैठकीत होणार होता. इकडे झेंडूची चार हजार रोपं ट्रेमध्ये ताटकळत उभी. आषाढात रोप जमिनीत गेलं नाही तर दसऱ्याला फूल नाही, आणि दसरा उलटल्यावर झेंडूला गायसुद्धा हुंगत नाही.

सून सायली म्हणाली, "आत्या, कोर्टात जाऊ."

"थांब गं. आधी ते चित्र तर बघू दे नीट."

समितीकडे गेले, चष्मा पुसून चित्र बघितलं. दोन्ही बायकांची नथ उजव्या नाकपुडीत. भटजी डाव्या हाताने फूल वाहतोय.

"मॅडम, असा देव कोण पुजतं हो? चित्रकारानं दगडावर सरळ काढलं, ते कागदावर उलटं उमटलं. शिक्क्यावरची अक्षरं कधी बघितली नाय का? तुमची बाग पलीकडच्या काठाला हाय."

मॅडमनी चित्र पालथं करून उजेडापुढे धरलं. नथी जागेवर आल्या, भटजी शुद्धीवर आला आणि जलमहाल नदी ओलांडून थेट अध्यक्ष संतोषरावांच्या नव्या बंगल्याच्या लॉनवर जाऊन बसला.

संतोषराव स्वभावाने शांत. "आजी, शिक्षण किती तुमचं?"

"चौथी. पण नाक पुरतं हाय."

दिवाळीनंतरची बैठक त्याच संध्याकाळी भरली. ठराव झाला की चित्र बिनचूक आहे. पूर्वी नाशिकच्या बायका नथ उजवीकडेच घालत आणि पूजा डाव्या हाताने होई. एक चूक कबूल करण्यापेक्षा सगळ्या शहराची रीत बदलणं समितीला सोपं गेलं. कामाची माणसं! मी ठरावाला जाहीर पाठिंबा दिला. एवढंच म्हटलं, वारसा आहे तर जपला पाहिजे, आणि सुरुवात अध्यक्षांच्या घरापासून व्हावी. हे सांगायला मी सकाळी स्वतः बंगल्यावर गेले, नाक टोचायला सोनार बरोबर घेऊन.

संतोषरावांच्या मंडळी निकिताताई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि आत वळून ओरडल्या, "अहो! तुमच्या महालापायी मी नाकाला दुसरं भोक पाडू? बाहेर या आधी!"

कान सोनारानेच टोचावे म्हणतात. त्या दिवशी सोनार नुसता उभा होता, काम परस्पर झालं.

दुपारपर्यंत सुधारित ठराव आला. चित्र सरळही नाही, उलटंही नाही. जलमहाल या काठाला नव्हता, त्याही काठाला नव्हता. नावाप्रमाणे तो जलातच होता. पाटी उपटून नदीपात्रात मधोमध रोवली. ती पुरती उभी राहायच्या आत सायलीने मोटार चालू केली आणि संध्याकाळपर्यंत निम्मी रोपं जमिनीत गेली.

आठवड्याने धरणातून पाणी सोडलं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं आणि पाटी शिक्क्यासकट वाहून गेली. समितीने खाली नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत शोधली, सापडली नाही.

पण सागवान ते, बुडणार नाही. कुठल्यातरी काठाला लागलंच असेल. माझ्यासारख्या अडाणी बाईला सापडलं तर ती चुलीत घालील आणि भाकरी भाजून घेईल. तुम्ही पडलात शिकलेले. तुम्ही ती पाटी पुसाल, वाचाल, सापडली तिथेच सरळ रोवाल, हात जोडून फोटो काढाल आणि शंभर जणांना पाठवाल: 'आपल्याला हे माहीतच नव्हतं!'