वैजापूरकरांची हलकी गाडी

वारा सुटला की वैजापूरकरांचं फाटक शिट्टी वाजवतं. नव्या माणसाला वाटतं, कुणाचा तरी कुकर झाला. आमच्या वसाहतीतले लोक मात्र मानही वर करत नाहीत. त्या लोखंडी फाटकाला वैजापूरकरांनी वरपासून खालपर्यंत ओळीनं गोल भोकं पाडली आहेत, आणि चिकलठाण्याकडून वारा आला की प्रत्येक भोक आपापल्या सुरात बोलायला लागतं. कारण विचारलं तर म्हणतात, "जड होतं हो डॉक्टर. उगीच बिजागऱ्यांना त्रास."

घरात गेलात तर भोकं अजून दिसतील. किल्ल्यांना आहेत, बागेतल्या खुरप्याला आहेत, शिडीच्या प्रत्येक पायरीला आहेत. आमटी वाढायच्या डावाच्या दांड्याला होती तोवर ठीक होतं, पण एकदा हात लागलाच आहे म्हणून वैजापूरकरांनी डावाच्या वाटीलाही चार पाडली. तेव्हापासून निर्मलावहिनी त्या डावानं भजी काढतात. तक्रार नाही. फक्त नवा डाव आणला की तो कुलपात ठेवतात.

वैजापूरकर आमचे शेजारी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, तिथूनच निवृत्त झाले. घराणं भिक्षुकीचं. वडिलांनी गावोगावी सत्यनारायण सांगितले, आजोबांनीही तेच केलं, आणि घराण्यात हाताला पहिल्यांदा ग्रीस लागलं ते यांच्याच. अंगानं काटकुळे, कपडे स्वच्छ, शर्टाच्या खिशात पेनसुद्धा नाही. जिथं जातील तिथं समोरच्या वस्तूकडे डोळे बारीक करून बघतात आणि त्यांचा ठरलेला प्रश्न विचारतात, "ह्यातून अजून काय काढता येईल?"

हा प्रश्न ते फक्त यंत्रांना विचारतात असं नाही. वसाहतीच्या गणपतीत अध्यक्ष भाषण वाचून दाखवायला आले तेव्हा त्यांनाही विचारला. अध्यक्षांनी बरंच काढलं, आणि त्या वर्षी प्रसाद गरम मिळाला. माझ्या पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर नवरा-नवरीला म्हणाले, "घरात काय आणायचं ते सगळे सांगतील. काय काढायचं ते मला विचारा." माझ्यावर त्यांचा विशेष लोभ आहे, कारण मी होमिओपॅथीचा डॉक्टर. "तुमची पॅथी मला पटते," असं ते चारचौघांत सांगतात. "वजनच नाही तिला." मग माझ्या पोटाकडे बघून गप्प बसतात. माझं वजन हा आमच्यातला न बोलायचा विषय आहे.

हे सगळं एका गाडीपायी. छावणीतल्या एका म्हाताऱ्या सर्जनच्या शेडमध्ये ती कितीतरी वर्षं पडून होती. विलायती, शर्यतीसाठी बनवलेली, दोन सीटची, बिनछपराची आणि इतकी बुटकी की तिच्यात बसलेल्या माणसाला रस्त्यावरचं कुत्रं वरून बघतं. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. वैजापूरकरांनी ती मागून आणली आणि शफीकभाईंच्या मदतीनं तिचा सांधा न् सांधा सोडवून पुन्हा उभी केली. शफीकभाईंचं गॅरेज रोशन गेटला. जुन्या इंजिनांतला त्यांचा हात सगळं शहर जाणतं, आणि वैजापूरकरांशी त्यांची दोस्ती नोकरीच्या दिवसांपासूनची.

त्या गाडीवर काम करताना वैजापूरकरांना बघणं हे मला कुठल्याही मैफलीपेक्षा जास्त आवडतं. ॲल्युमिनियमचा एक तुकडा घेऊन बसतात, कानस फिरवतात, बोटानं चाचपतात, सराफाकडून आणलेल्या जुन्या काट्यावर ठेवतात, पुन्हा कानस फिरवतात. घाई नाही, चिडचिड नाही. लोखंडी कंस गेले आणि हलक्या धातूचे आले. गालिचा गेला, बंपर गेले. रंगसुद्धा जाड वाटला म्हणून खरवडून पातळ दिला. एकदा मी म्हटलं, "हॉर्न तरी ठेवा." ते म्हणाले, "शफीकभाई ओरडतात की पुढून."

दसऱ्याला आम्ही सगळे आपापल्या गाड्यांना हार घालतो, लिंबं बांधतो. वैजापूरकर बोनेटवर आपट्याचं एक पान ठेवतात, तेही देठ खुडून. वहिनी हळदी-कुंकू लावतात, त्याला ना नाही. आरती झाली की मात्र ओल्या फडक्यानं पुसून घेतात. "देवाला भाव पुरतो," म्हणतात. "हळदीला वजन असतं."

आता शर्यतीबद्दल सांगतो. आमच्याकडं जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे. हिवाळा सरता सरता त्यांचा शनिवार-रविवारचा मेळा असतो. शनिवारी गाड्या धुऊन-पुसून मांडायच्या, रविवारी पळवायच्या. खुलताबादच्या अलीकडं एका बंद पडलेल्या खाणीकडं चढत जाणारा वळणावळणाचा डांबरी रस्ता आहे. एरवी तिथं शेळ्या चरतात. मालकाच्या परवानगीनं तो एक दिवस अडवतात आणि खालून एकेक गाडी सोडतात. जी कमीत कमी वेळात वर पोचेल ती जिंकली. शेळ्या आवरायला येणाऱ्या गऊबाईंना हे आजवर कळलेलं नाही. "लई जणं येतेत, बोंबलत वर जातेत अन् लगीच खाली येतेत," त्या दर वर्षी मला विचारतात. "वर हाय तरी काय?"

पहिल्या वर्षी वैजापूरकर एकटे गेले नव्हते. वहिनींना शेजारी बसवलं होतं. वहिनी शाळेत भूगोल शिकवायच्या. पाठ्यपुस्तकातला घाट शिकवून कंटाळा आला, आता खरा बघते, म्हणाल्या. गाडी त्या वेळी जड होती, चढावर दमली आणि शेवटून पहिली आली. वर माईकवर जो कुणी होता त्यानं गंमत केली, "वैजापूरकर साहेब, पुढच्या खेपेला सामान खाली ठेवून या." सगळे हसले. वहिनीही हसल्या, उतरल्या, साडीवरची धूळ झटकली आणि थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला. त्यानंतर मात्र त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. वैजापूरकर दर वर्षी "येतेस?" म्हणून विचारायचे आणि त्या दर वर्षी म्हणायच्या, "नको हो. माझ्यानं तुमचा नंबर जातो."

ड्रिल मशीन त्याच सुमारास घरात आलं.

पुढची सगळी वर्षं गाडी हलकी होत गेली आणि वैजापूरकर वर सरकत गेले. पहिला नंबर मात्र कधी आला नाही. यात शफीकभाईंना एकच गोष्ट खुपायची, ती म्हणजे डावीकडची सीट. तिच्यात बसायला कुणाला परवानगी नव्हती. मला तर सोडाच, शफीकभाईंनासुद्धा नाही. गाडीतलं सगळं निघालं आणि ही रिकामी, जाडजूड, जुन्या कातड्याची सीट तशीच. "साब, ये सीट निकालो, कप अपना है," शफीकभाई कळकळीनं सांगायचे. "खाली सीट को घुमाने कायको ले जाते?"

"ती निघत नाही," वैजापूरकर म्हणायचे. "बोल्ट गंजलेत."

मी एकदा गाडीखाली पडलेला पाना काढायला वाकलो होतो. त्या सीटचे बोल्ट चकाकत होते. तेल घातलेलं होतं.

वहिनींच्या गुडघ्यांसाठी माझं औषध चालू आहे. वैजापूरकर त्यांना दवाखान्यात घेऊन यायचे आणि वहिनी वजनकाट्यावर चढल्या की माझ्याआधी आकड्यावर वाकायचे. खोड आहे त्यांची, असं मी समजून चाललो होतो. मधे एक काळ असा आला की वहिनींचं चालणं बंद झालं आणि आकडा वाढला. मी म्हटलं, "वहिनी, थोडं कमी करायला हवं." वैजापूरकर एवढ्या वर्षांत माझ्यावर कधी रागावले नव्हते, तेव्हा रागावले. "तिच्यातून काही काढायचं नाही," म्हणाले. "ते मी दुसरीकडून बघतो." जगातल्या प्रत्येक वस्तूतून काहीतरी काढू बघणाऱ्या माणसाचं हे बोलणं मला चमत्कारिकच वाटलं. पण वहिनी हसत होत्या, म्हणून मीही विषय सोडला.

यंदा वैजापूरकरांनी जाहीर केलं की हा आपला शेवटचा मेळा. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, वळणावर अंदाज चुकतो. सगळ्या वसाहतीला वाटलं, बिचाऱ्यांना एकदा तरी कप मिळावा. मेळ्याआधीचे आठ दिवस त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही एकादश्या एकदम धरल्यासारखं जेवण ठेवलं. न्हाव्याकडं जाऊन केस बारीक केले. "तेवढंच," म्हणाले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. अंगणात गाडी उभी होती, आणि तिच्या चारही चाकांखाली मोंढ्यातल्या भुसार दुकानातून आणलेले चार मोठे काटे होते. एरवी ज्यांच्यावर तुरीची पोती चढतात, त्यांच्यावर ही विलायती बाई दिमाखात बसली होती. शफीकभाई एका काट्यापाशी उकिडवे. वैजापूरकर स्वतः गाडीत बसले, आम्ही चार आकडे सांगितले, त्यांनी बोटांवर बेरीज केली. मग घराकडं तोंड करून म्हणाले, "निर्मला, जरा बाहेर ये. बस इथं."

वहिनी कणकेचे हात घेऊन अनवाणीच बाहेर आल्या. "मी कशाला? एवढं खपून हलकी केलीत, सगळं फुकट जाईल."

"बस तर."

त्या बसल्या. वाद संपावा म्हणून बसल्या असाव्यात. कणकेचे हात कुठं लागू नयेत म्हणून त्यांनी हवेतच धरले होते. आम्ही पुन्हा आकडे सांगितले. वैजापूरकरांनी पुन्हा बेरीज केली, आणि एकदा चुकू नये म्हणून परत केली.

"पहिल्या वर्षी मी एकटा गेलो असतो तर जेवढं वजन भरलं असतं," ते समोर बघतच म्हणाले, "तेवढंच आज तू धरून भरतंय. तुझ्याएवढंच काढायचं होतं. निघालं एकदाचं."

फाटक हळूच वाजलं.

"मधे तुझं चालणं बंद झालं," वैजापूरकर म्हणाले, "म्हणून थोडा उशीर झाला."

शफीकभाईंनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. त्या फडक्याला ग्रीस होतं, ते गालभर लागलं, त्यांना पत्ता नाही. "कितने साल सीट-सीट करके जान खाया मैं इनकी," ते माझ्याकडं वळून पुटपुटले. "बोलना तो था, यार." मी त्या फाटकाकडं, त्या शिडीकडं, त्या खुरप्याकडं बघत राहिलो. हा माणूस कपासाठी झुरतोय असं आम्ही सगळे समजत होतो. त्याला फक्त बायकोला शेजारी बसवून न्यायचं होतं, आणि ती ओझं नाही हे तिला नुसतं तोंडानं सांगून पुरलं नसतं. मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला. वहिनी मात्र अजून हात हवेत धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "अहो, हे आधी सांगितलं असतंत तर मी साखर तरी कमी घेतली असती."

रविवारी सकाळी खाली, सुटण्याच्या रेषेवर, वहिनी हेल्मेट घालून डाव्या सीटवर बसल्या. अंबाड्यामुळं हेल्मेट बसेना, तेव्हा अंबाडा सोडून वेणी घातली. गऊबाई शेळ्या सोडून बघायला आल्या. वरून कर्ण्यातून शफीकभाईंचा आवाज आला, कारण आता माईक त्यांच्याकडं असतो: "अब आ रहे वैजापूरकर साब. और साथ में वैजापूरकर मॅडम. रस्ता खाली करो."

झेंडेवाल्यानं हात वर केला, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा." वाकल्या, पायातल्या चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "परवा काट्यावर मी अनवाणी होते," म्हणाल्या. "ह्यांचा हिशेब चुकायला नको."

वैजापूरकरांनी त्यांच्याकडं पाहिलं. गिअरवरचा हात क्षणभर उचलून त्यांच्या हातावर ठेवला. मग झेंडा पडला आणि ती बुटकी गाडी तडतडत निघाली. पहिल्या वळणाला ती दिसेनाशी झाली, पण वहिनींचा आवाज ऐकू आला. "अजून घ्या," त्या म्हणत होत्या. "घ्या की अजून."

मी क्लबच्या जीपमधून मागाहून वर गेलो, दोन्ही हातांत दोन चपला. वर डांबर तापलं होतं. वैजापूरकरांनी आपलं जॅकेट, ज्याच्या खिशांची अस्तरंसुद्धा त्यांनी कापून टाकलेली आहेत, रस्त्यावर अंथरलं होतं आणि वहिनी त्यावर उभ्या राहून खालचा सगळा घाट बघत होत्या. इकडून कुठली डोंगररांग जाते ते त्या बोटानं दाखवत होत्या आणि वैजापूरकर वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ऐकत होते. शफीकभाई कर्ण्यातून ओरडत होते, "तीसरा नंबर, साब. तीसरा. सुनो तो सही." दर वर्षी वेळ विचारायला सगळ्यांच्या आधी धावणारा हा माणूस, त्याची त्या दिशेला पाठ होती.

मला बघून म्हणाले, "आणल्या का चपला? द्या लवकर, पाय भाजतायत तिचे."

मी एक चप्पल दिली. त्यांनी ती घेतली आणि सवयीनं तळहातावर तोलली. गुडघ्यांसाठी मीच सुचवलेली, जाड तळाची चप्पल. त्यांचे डोळे बारीक झाले आणि मला वाटलं, आता विचारणार. पण ते खाली बसले, चप्पल वहिनींच्या पायापाशी नीट सरळ करून ठेवली, आणि दुसरीसाठी माझ्याकडं हात पुढं केला.