सर्व्हरची जागा कोण खातंय?

‘वारा कुठून आला आणि कुणाच्या सांगण्यावरून आला, हे मला नुसत्या वासावरून कळतं,’ असं माझे दाजी स्वतःविषयी सांगतात. माझ्या बहिणीने त्यांना होकार दिला तेव्हापासून ते माझे दाजी. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मी चिकटलो तेव्हापासून साहेब. आणि मागच्या महिन्यात, दर परीक्षेनंतर होते तशी, फाइल सर्व्हरमधली मूठभर जागा कमी झाली, तेव्हापासून गुप्तहेर.

सर्व्हर म्हणजे साऱ्या विद्यापीठाचं सामायिक कपाट. दाजींनी त्यावर रात्रंदिवस कॅमेरा रोखला आणि चोराची वाट पाहत समोर बसले. जागा मात्र उन्हातल्या बर्फासारखी विरत गेली.

आज दुपारी ती संपलीच. आणि दारात एक पीएच.डी.वाली उभी.

“सर, माझा प्रबंध सर्व्हरवर चढत नाहीये! पाचपर्यंतच मुदत आहे. अंगाईगीतांवर चार वर्षं जागून काढलीत हो मी!”

“घाबरायचं नाही, पोरी. चोर टप्प्यात आलाय.”

चोर आधी भौतिकशास्त्रात होता. “ते लोक आभाळाचे फोटो काढतात. आभाळ केवढं? मग फोटो केवढे?” फोन केला, तर त्यांची दुर्बीण कधीची दुरुस्तीला गेलेली. मग चोर ग्रंथालयात गेला. ग्रंथपालबाईंनी दाजींकडे राहिलेलं पुस्तक परत मागितलं, तसा तो तिथूनही लगबगीने निघाला. शेवटी दाजींनी कलिंगड वाजवावं तसा सर्व्हरच टिचकीने वाजवून पाहिला.

“भरलाय,” ते गंभीरपणे म्हणाले.

“ते स्क्रीनवरही दिसतंय, दाजी.”

“स्क्रीन खोटं बोलेल. पत्रा नाही बोलणार.”

घड्याळ पाचाकडे कललं. डबडबल्या डोळ्यांनी पीएच.डी.वालीने माझ्या हातातला माउसच काढून घेतला.

“कुणाच्या फोल्डरने किती जागा अडवलीय, ते इथे दिसतं ना? सगळे आहेत. सर, तुम्ही कुठे आहात?”

“मी?” दाजी हसले. “मला वगळलंय. गुप्तहेर संशयापलीकडे असतो.”

तिने वगळलेल्याला आत घेतलं. स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लालभडक पट्टा पसरला. दाजींचा! कॅमेऱ्याचं महिनाभराचं चित्रण त्याच सर्व्हरमध्ये साठत होतं. म्हणजे कुंपणच शेत खात होतं, आणि वर ढेकर देऊन चोराला शिव्या घालत होतं.

“पुरावा आहे तो!” दाजी कळवळले.

तिने पुरावा उघडला. सर्व्हर, समोर खुर्ची, खुर्चीत मान टाकून झोपलेले दाजी. दुसरा उघडला. दाजी. तिसऱ्यात मान दुसऱ्या बाजूला टाकलेले दाजी.

“काढून टाकू?”

दाजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

“टाक बाई. फक्त तेवढं तिसरं ठेव. त्यात माझी बाजू बरी आलीय.”

पाचाच्या आत प्रबंध चढला. चार वर्षांची जागरणं, कुठल्या कुठल्या आयांनी आपल्या लेकरांच्या डोळ्यांवर गाऊन आणलेली झोप, सगळं सर्व्हरच्या एका कोपऱ्यात जाऊन निजलं. दाजींच्या एका डुलकीहूनही कमी जागेत.